सोल्युशन हुंगणं सोडून दोन महिने झाले, तरी भावाचे पाय लुळे पडत चाललेत. कुणाला अनुभव आहे का?

आम्ही हर्णैजवळ राहतो. धाकटा भाऊ २२ वर्षांचा. दोनेक वर्षं पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगायचा. गणपतीत त्याने ते सोडलं. मी रात्री उठून उठून बघते, खरंच सोडलंय.

पण सुधारायचं सोडून पाय बिघडतच चाललेत. परवा विहिरीवरून येताना जांभ्याच्या पायरीवर त्याची एक चप्पल मागेच राहिली. घरात आला तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं, त्याला पत्ताच नाही. पाऊल वर उचलत नाही, म्हणून गुडघा उंच घेऊन टाकत टाकत चालतो. आता बोटंही बधिर झालीत, शर्टाची बटणं आई लावून देते.

आधी एका डॉक्टरांकडून अशक्तपणाची म्हणून बी-१२ची इंजेक्शनं घेतली. लाजेपायी व्यसनाचं मी लपवलं, ती चूक माझी. दुसऱ्या डॉक्टरांनी सरळच विचारलं, काही हुंगतोस का? मग सांगितलं, की अशा सोल्युशनमध्ये बरेचदा हेक्झेन नावाचं रसायन असतं. शरीरात त्याचं जे बनतं त्याने नसा खराब होतात, सगळ्यात लांब नसा आधी. म्हणून पाय आधी, मग हात. आणि सोडल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने त्रास वाढतच राहतो, मग हळूहळू उतरतो.

हे ऐकून मी रडले, कारण घरी रोज एकच चाललंय. बाबा म्हणतात, "चोरून घेतोय अजून, नायतर पाय कशाला जातील?" डॉक्टरांचं त्यांना पटत नाही.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, उतार कधी पडायला लागला? पूर्ण बरं झालं का? नसांची तपासणी, एनसीव्ही, डेरवणला किंवा रत्नागिरीत होते का, की कोल्हापूर गाठावं लागेल? पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचा विचार आहे, पण अशा पायांनी तिथे राहता येईल का? १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर कुणी बोललंय का?

आणखी एक, याची घाई आहे. बाबांनी त्याच्यासाठी फायबरच्या होड्या दुरुस्त करतात तिथे बसून करायचं काम बघितलंय, सोमवारपासून. तिथे दिवसभर थिनरचा वास. डॉक्टर म्हणाले, असल्या वासापासून लांबच ठेवा. बाबांना हे कुणाच्या तोंडून पटेल?