एनईएसच्या पॅडला आर्केडची स्टिक आणि बटणं जोडायची आहेत, वायर नेमकी कुठे लावू?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या मामांकडे अमेरिकेहून आणलेला निन्टेंडोचा एनईएस, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल आहे, अजून ठणठणीत चालतो. मामांच्या डाव्या अंगठ्याचा सांधा संधिवातानं धरलाय, त्यामुळे पॅडवरचं अधिकच्या खुणेसारखं बटण त्यांना दाबवत नाही. मूठ मात्र व्यवस्थित वळते. म्हणून त्यांच्यासाठी लाकडी पेटी करून तिच्यात आर्केडची मोठी स्टिक आणि 30 मिमीची बटणं बसवायचा बेत आहे.

पॅड उघडून पाहिला. आत 16 पायांची एकच चिप, आणि बटणांच्या रबराखाली काळे कार्बनचे ठिपके. ते खरवडून तिथे सोल्डर करायचं का? रेझिस्टर लागतात का? सोल्डरिंग मला जमतं, सर्किट वाचता येत नाही. पॅड मूळचा आहे, तो खराब झाला तर मामांच्या जिवाला लागेल.

सोल्डरवाली

कार्बनला ब्लेड अजिबात लावू नका. गरजच नाही.

ती चिप म्हणजे 4021, एक साधं शिफ्ट रजिस्टर. कन्सोल लॅचच्या तारेवर एक छोटा पल्स पाठवतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिप टिपून ठेवते. मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेका बटणाची खबर डेटाच्या तारेवरून जाते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमानं. बहुतेक गेम हे सेकंदाला 60 वेळा विचारतात. 5 व्होल्ट आणि ग्राउंड धरून पाच तारांत आठ बटणांचं काम भागतं ते असं. 1980च्या दशकातली ही रचना मी जितक्या वेळा उघडून पाहते तितकी मला जास्त आवडते.

आता तुमचा मुद्दा. बटणाचा प्रत्येक पाय बोर्डावरच रेझिस्टरमधून 5 व्होल्टला ओढून धरलेला आहे. बटण दाबलं की तो पाय ग्राउंडला टेकतो. म्हणजे वेगळा रेझिस्टर नको. आर्केड बटणाचं एक टोक चिपच्या पायाला, दुसरं ग्राउंडला, इतकंच.

चिपची खाच वर धरा. डावीकडचा सगळ्यात वरचा पाय 1, तिथून खाली 8 पर्यंत, मग समोरच्या बाजूला खालून वर 9 ते 16. त्यातला 1 म्हणजे ए, 15 बी, 14 सिलेक्ट, 13 स्टार्ट. दिशांसाठी 4 वर, 5 खाली, 6 डावं, 7 उजवं. ग्राउंड 8 वर. 16 वर 5 व्होल्ट असतात, तिथे काहीही जोडायचं नाही. सोल्डर करण्याआधी मल्टीमीटर बीपवर ठेवून पडताळा: एक टोक चिपच्या पायावर, दुसरं त्या बटणाच्या काळ्या ठिपक्याला जाणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर. हे कन्सोलपासून पॅड सोडवूनच करा.

या पद्धतीत नवी बटणं जुन्या बटणांना समांतर बसतात. पॅडवरची रबरी बटणं पूर्वीसारखीच चालतील, आणि उद्या वायरी काढल्या तर पॅड जसा होता तसा. मूळ पॅड मोडून केलेली कामं पाहिली की मला वाईट वाटतं, कारण असे पॅड आता नवे होणार नाहीत.

वायर बारीक घ्या, 30 गेजची. जाड वायर ओढली गेली तर पाय किंवा बोर्डाची पट्टी उखडते. जोड झाल्यावर वायरी बोर्डाला गरम गोंदानं धरून ठेवा. पेटीच्या आत मात्र जाड वायर चालेल. ग्राउंडसाठी प्रत्येक बटणाला वेगळी वायर नको, एकच वायर या बटणावरून त्या बटणावर माळेसारखी ओवत न्या.

बटणाच्या आतल्या मायक्रोस्विचला (छोट्या स्विचला) तीन टोकं असतील तर कॉमन (सामाईक टोक) आणि एनओ (दाबल्यावर जुळणारं) वापरा. एनसी (न दाबता जुळलेलं) वापरलं तर बटण कायम दाबलेलं दिसेल.

आणि पॅड उघडा ठेवायलाही मन होत नसेल, तर सुटी 4021, 10 किलोओहमचे आठ रेझिस्टर (नव्या बोर्डावर ते आयते नसतात, प्रत्येक बटणाच्या पायापासून 5 व्होल्टला एकेक), चिपच्या 16 आणि 8 च्या मध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एनईएसची एक एक्स्टेन्शन केबल घेऊन नवा बोर्ड करा. पाय 3 डेटा, 9 लॅच, 10 क्लॉक. 11 हवेत सोडू नका, ग्राउंडला जोडा. सामान मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणते. मामांसाठी करताय तर माझं मत याच बाजूला आहे.

जुनाखेळिया

वरचं सगळं मूळ निन्टेंडो पॅडसाठी बरोबर. आपल्याकडे 90च्या दशकात घरोघरी असलेल्या 9 पिनवाल्या टीव्ही गेमचा पॅड असेल तर आत बहुधा पायांची चिप नसते, काळा डांबरी थेंब असतो. तिथे ठिपक्याकडे जाणाऱ्या पट्टीवरचा हिरवा थर हलकेच खरवडून उघड्या तांब्यावर सोल्डर करावं लागतं. आणि एक कळकळीची सूचना: त्या गेमचा प्लग सेगा मेगा ड्राइव्हच्या प्लगसारखाच दिसतो, आतली जोडणी वेगळी असते. एकाचा पॅड दुसऱ्यात खुपसू नका.

रंकाळाकाठ

ताई, मनापासून आभार. नवा बोर्डच करतो. पेटीला 12 मिमीचा प्लाय आणलाय, त्याला कुठलीही बटणं चालतील ना? आणि स्टिक खाली-वर उलटी तर बसणार नाही?

सोल्डरवाली

कुठलीही नाही. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, 12 मिमीच्या प्लायमध्ये त्यांच्या कडा पकडत नाहीत. खालून नट आवळायची, लांब आट्यांची घ्या. भोक पाडण्याआधी बटण हातात घेऊन मापा, सगळी 30 मिमीची नसतात, 28चीही मिळतात.

स्टिकबद्दल बरं विचारलंत. दांडी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट बाजूला जातं, म्हणून "वर"चा स्विच खालच्या अंगाला असतो. डावं-उजवंही तसंच. बीप ऐकत एकेक दिशा ओळखा आणि वायरीला चिठ्ठी लावा. मामांचा हात लक्षात घेऊन स्प्रिंग मऊ निवडा. स्टिक पेटीच्या अगदी कडेला नको, मनगट टेकायला पुढे वीतभर जागा सोडा. भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्यावर आखून त्यांना हात ठेवून बघू द्या.