विनायकांनंतर आता विष्णू
एकाच नावाच्या प्रसिद्ध व्यक्तींच्या याद्या चालल्या आहेत; विनायक नावाच्या यादीत सावरकर आणि विनोबा आलेच आहेत, म्हणून मी विष्णूंची भर घालतो. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत 1915 साली फाशी गेलेले विष्णू गणेश पिंगळे, संगीतातले पलुस्कर आणि भातखंडे. पंचतंत्राचा विष्णुशर्मा लेखक मानायचा की पात्र, हे तुम्हीच ठरवा!

पण खरी गंमत पुढेच. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम आणि कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ. दोघेही दत्तक गेले आणि विष्णू झाले: एक विष्णू सखाराम, दुसरे विष्णू वामन. म्हणजे मराठीतली पहिली दोन ज्ञानपीठं (1974 आणि 1987) मूळच्या गणपतींनाच मिळाली. तेव्हा विनायकांच्या यादीत हे दोघे मागच्या दाराने येतातच की.