मदत हवी आहे: माळकरी आईला घेऊन कोरियन हॉटेलात जेवायला जायचंय, काय मागवू?

जालनारोडकर

नमस्कार मंडळी. राहायला छत्रपती संभाजीनगरात. शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्सचा (ताणणाऱ्या धाग्याचा) कारखाना आल्यापासून शहरात कोरियन माणसं दिसतात. त्यांचा राबता असलेलं एक छोटं हॉटेल आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. आजवर फक्त बोर्ड वाचलाय. येत्या रविवारी दुपारी सहकुटुंब जायचा घाट घातलाय.

निमित्त भाचीचं. बारावी झाली, परभणीहून सुटीला आलीय, आणि कोरियन मालिका बघून बघून तिला जापचे पाहिजे, टोकबोकी पाहिजे. तिची काळजी नाही. आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. कांदा-लसूण खाते, चातुर्मासाला अजून अवकाश आहे. नवऱ्याला मटण-चिकन लागतं, पण डुकराचं नको. आईला घरी ठेवायचा प्रश्नच नाही, उलट तिलाच जास्त हौस. भाचीशेजारी बसून मालिका बघते आणि दर पाच मिनिटांनी "हे लोक आता काय खायलेत गं?" विचारते.

मेन्यूचा फोटो मिळाला. काही पदार्थांपुढे हिरवा ठिपका आहे, किमचीपुढे (आंबवलेल्या तिखट कोबीपुढे) काहीच नाही. ठिपक्यावर भरवसा ठेवावा का? आईला नक्की काय चालेल? आणि त्या काड्यांनी तिला खायला जमायचं नाही, हाताने खाल्लं तर वाईट दिसेल का?

काळं_तिखट

एवढी यातायात करण्यापेक्षा आईंना घरी धपाटे-दही द्या आणि बाकीच्यांनी नान खलिया हाणा. कोरिया कुठं पळून चाललाय!

शेंद्रा_शिफ्ट

वरच्या भाऊंकडे दुर्लक्ष करा. मी कोरियन साहेबांसोबत काम करतो, त्यांच्याबरोबर जेवणं होतात. मासळी तुकड्यांत दिसत नाही, ती रसात आणि मसाल्यात असते. नेहमीच्या किमचीत फिश सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी घालतात, त्याने चव येते. सूपचं पाणी बहुतेक वेळा छोटी सुकी मासळी आणि समुद्री शेवाळ उकळून केलेलं. सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं सूप मिळतं, वरून नुसतं टोफू-भोपळा दिसतो, पण खालचं पाणी तेच. काही ठिकाणी चवीला मांसाच्या अर्काची पावडर पडते. म्हणून "व्हेज आहे का?" असं विचारूच नका. वाढणारा मनापासून "हो" म्हणेल, कारण त्याच्या लेखी त्यात मटण नाही. "फिश सॉस, सुकी मासळी, अंडं, मांसाची पावडर यातलं काही आहे का?" असं एकेक नाव घेऊन विचारा.

टोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, लाल रसात. त्या रसात मासळीचं पाणी आणि वर माशाच्या वड्या असतात. भाचीला द्या, आईंना नको.

हिरवा_ठिपका

मी शाकाहारी, पुण्यात शिकताना या सगळ्यातून गेलेय. आईंसाठी बिबिम्बाप सांगा. भातावर पालक, गाजर, मोड, मशरूम वेगवेगळे परतून मांडलेले असतात, वर तिळाचं तेल. अंडं आणि खिमा काढायला सांगा. लाल पेस्ट, म्हणजे गोचुजांग, वेगळ्या वाटीत मागा. मिरची, तांदूळ, सोयाबीन आंबवून करतात, मूळची शाकाहारीच. गोडसर लागते, आपल्या ठेच्यावर वाढलेल्या जिभेला तर अजिबात झोंबणार नाही. दगडी भांड्यातला प्रकार असेल तर तोच घ्या. भांडं चरचरत येतं, लगेच सगळं ढवळायचं नाही, थोडं थांबायचं. तळाला भाताची खरवड धरते आणि सगळी मजा तिथेच आहे. फक्त भांड्याला हात लावू देऊ नका, चटका बसतो.

जापचे रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया. बिनमांसाचा करून देतात. (रताळं आहे म्हणून एकादशीला खपवू नका, सोया सॉस असतो.)

काड्यांचं टेन्शन नको. कोरियन लोक भात चमच्यानेच खातात, प्रत्येकापुढे लांब दांड्याचा चमचा असतो. आणि हाताने खायचा रीतसर प्रकारही आहे. लेट्यूसच्या पानात भात, भाजी, थोडी पेस्ट ठेवून घडी करायची आणि अख्खा घास तोंडात. आईंना तेच आवडेल बघा.

शेंद्रा_शिफ्ट

पानाचं बरोबर सांगितलं. आणखी थोडं. जेवणाआधी छोट्या वाट्यांत चार-पाच तोंडीलावणी येतात, कोरियात त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपली की पुन्हा वाढतात. इथे तसंच आहे का ते विचारून घ्या. त्यातल्या प्रत्येक वाटीला तोच प्रश्न. सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्यावर बाकीच्यांनी सुरू करायचं, म्हणजे पहिला मान आईंचा. काड्या किंवा चमचा भातात उभा खोचू नका, तिकडे पितरांच्या नैवेद्याच्या भातात चमचा तसा खोचतात. भाचीला हे माहीत असेलच.

मिस्टरांसाठी फ्राइड चिकन. बुलगोगी, म्हणजे मसाल्यात मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप, मूळची गोमांसाची, आपल्याकडे चिकनची नाहीतर डुकराची मिळते. विचारल्याशिवाय मागवू नका.

जालनारोडकर

सगळ्यांचे आभार, काळं तिखट तुमचेसुद्धा. आत्ताच फोन केला. किमचीत फिश सॉस आहेच. काकडीचं आणि मोडांचं तोंडीलावणं बिनमासळीचं आहे म्हणाले. भाज्या परतायचा तवा मात्र वेगळा नाही, आधी सांगितलं तर घासून घेतो म्हणे. हे आईला सांगितलं तर ती म्हणते, "तव्यावरचं मला काहीच नको. कोरा भात, पानं, काकडी आणि ती लाल चटणी, एवढ्यात माझं भागतंय."

आता एकच. तिथे टेबलावरच्या शेगडीवर डुकराचं मटण भाजतात. आईला तो वास सहन व्हायचा नाही. काय करावं?

हिरवा_ठिपका

बारा वाजता, दार उघडताच जा. आणि फोनवरच बिनशेगडीचं, दाराजवळचं टेबल राखून ठेवायला सांगा. लाल चटणीच्या डब्यावरची यादी मात्र डोळ्यांनी वाचा, काही तयार पेस्टमध्ये मांसाचा अर्क असतो.

काळं_तिखट

गेल्यावर बिल किती झालं तेवढं इथं टाका. आमच्या घरीबी पोरगी मागं लागलीय.