गोंधळ अभ्यासक्रमात घ्यायचाय, ध्वनिमुद्रण कसं करावं?

प्रश्न (नाट्यविभाग, परभणी): मुलांना शिकवायला गोंधळाचं, म्हणजे गोंधळी देवीपुढे सादर करतात त्या लोककलेचं, मुद्रण हवंय. चाचणीत संबळाच्या (काठ्यांनी वाजवायच्या जोड चर्मवाद्याच्या) आवाजाखाली तुणतुण्याचा (तारवाद्याचा) सूर बुडाला. पावसात संबळाचा आवाजही बसतो. काय करावं?

तुणतुणेवाला: एकाच माइकवर सगळं घेतलं की असंच होणार. तुणतुण्याला वीतभर अंतरावर स्वतंत्र माइक, संबळाला तीन-चार फुटांवर, गायकाला वेगळा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. 'नॉइज रिडक्शन' लावू नका, तुणतुण्याचा सततचा सूर त्याला गोंगाट वाटतो! संबळाचं कातडं ओल धरतं म्हणून सैल पडतं. निखाऱ्यापासून लांब धरून, फिरवत शेकावं. घाई केली की तडकतं. संबळाच्या जोडीतल्या एका वाद्यावर वाकडी काठी, दुसऱ्यावर सरळ. हातांचं चित्रण जवळून घ्या, नुसत्या आवाजावरून मुलांना ते कळत नाही.

माहूरकर: आधी ठरवा, कोणाचा गोंधळ? गोंधळ्यांपैकी कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई रेणुकेचे. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबू नका. चौक (पूजेची मांडणी) मांडणं, दिवटी (मशाल), गण (गणेशस्तवन), देवदेवतांना आवाहन, आख्यान (कथा), आरती असा अख्खा क्रम एकदा न थांबता घ्या, तुकडे नंतर. वीस मिनिटांची रंगमंचीय आवृत्ती केली की पहिल्यांदा आख्यानच कापलं जातं, आणि संवादाची, विनोदाची खरी कसरत तर तिथेच असते.

तुणतुणेवाला: बरोबर. आणि परवानगी लेखी घ्या, मानधन आधी द्या. मुद्रणाची एक प्रत गोंधळ्यांकडेही राहू द्या.