पीएच 6, पिवळा स्त्राव, मेट्रोनिडाझोलचे दोन कोर्स होऊनही फरक नाही

दुपारची_ओपीडी
रुग्ण 46 वर्षांची, पाळी अजून चालू पण अनियमित. चार महिने अंगावरून भरपूर पिवळं जातंय. जळजळ आहे, संबंधाच्या वेळी दुखतं, खाज फारशी नाही. योनीच्या भिंतींवर लाल ठिपके. मेट्रोनिडाझोल 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस, असं दोनदा झालं. मध्ये फ्लुकोनाझोल 150 चा एक डोस. कल्चरमध्ये ई. कोलाय आलाय. सिप्रोफ्लॉक्सासिन देऊ का?

काचपट्टी
नका देऊ. योनीतला ई. कोलाय म्हणजे आजार नव्हे. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे योनीतले उपयोगी जिवाणू, कमी झाले की तो वाढतोच. अशा वेळी योनीचं साधं कल्चर दिशाभूलच जास्त करतं.

वेट माउंट, म्हणजे ताज्या स्त्रावाची ओली स्लाइड, स्वतः बघा. बाजूच्या भिंतीच्या मधल्या भागातून स्वॅब, सलाइनचा एक थेंब, कव्हरस्लिप, 400 पट. आधी मोजायच्या त्या पसपेशी: प्रत्येक एपिथेलियल (अस्तराच्या) पेशीमागे एकापेक्षा जास्त आहेत का? मग त्या एपिथेलियल पेशींकडेच बघा. मोठ्या, चपट्या, कोनदार असायला हव्यात. त्याऐवजी लहान, गोल, मोठ्या केंद्रकाच्या पॅराबेसल पेशी दिसल्या, तर अस्तर वरच्यावर सोलवटून जातंय. क्लू सेल्स (जिवाणूंनी झाकलेल्या पेशी) नाहीत, ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) नाही, लॅक्टोबॅसिलस नाहीत आणि पीएच 4.5 च्या वर, हे सगळं जुळलं तर डिस्क्वामेटिव्ह इन्फ्लमेटरी व्हजायनायटिस (डीआयव्ही), म्हणजे अस्तर सोलवटणारा योनीचा दाह. जिवाणूजन्य व्हजायनोसिसमध्ये पीएच वाढतो, पण पसपेशी फार नसतात. नेमका इथेच घोळ होतो.

दुपारची_ओपीडी
ट्रायकोमोनास दिसला नव्हता. म्हणजे तो नाही असं धरू?

काचपट्टी
नाही. स्लाइड थंड झाली की त्याची हालचाल थांबते आणि मग तो पसपेशीसारखाच दिसतो. 10 मिनिटांच्या आत बघायला हवी. ताजी स्लाइडही बऱ्याच केसेस चुकवते, म्हणून नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करूनच तो बाद करा. आणि पीएचची पट्टी गर्भाशयमुखाच्या चिकट स्त्रावाला लावली नव्हती ना? तो स्त्राव, रक्त किंवा वीर्य लागलं की आकडा फुगतो.

मलम_की_गोळी
डीआयव्ही ठरलं तर क्लिंडामायसिन 2% क्रीम, 5 ग्रॅम, रोज रात्री योनीत, 3 ते 4 आठवडे. व्हजायनोसिसच्या सवयीने 7 दिवसांवर थांबवलं की त्रास हमखास उलटतो. इथे त्याचा दाह कमी करणारा गुणही कामाला लावायचाय. क्रीममध्ये तेल असतं, लेटेक्स कंडोम कमकुवत होतो. उपचारादरम्यान आणि नंतर 5 दिवस त्यावर भरवसा नको, हे आठवणीने सांगा. दुसरा पर्याय हायड्रोकॉर्टिसोन 10% योनिक्रीम, 3 ते 5 ग्रॅम रात्री. ते तयार मिळत नाही, बनवून घ्यावं लागतं. बाहेरून लावायचं 1% मलम त्याच्या जागी चालत नाही. स्टिरॉइडवर कॅन्डिडा ही बुरशी उफाळू शकते. खाज सुरू झाली तर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून बुरशीसाठी स्लाइड करा.

संपल्यावर पुन्हा वेट माउंट. पॅराबेसल पेशी गेल्या, पीएच उतरला, तरच थांबायचं. पुन्हा उलटणं नेहमीचंच. मग तेच औषध आठवड्यातून दोनदा, दोनेक महिने.

हिरड्या_बघा
या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्यानेही पॅराबेसल पेशी आणि पस दिसतात. भिंत फिकट, पातळ असेल तर इस्ट्राडिऑल 10 मायक्रोग्रॅम योनिगोळी, दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी थांबून विचार करा. आणि तोंड उघडून हिरड्या बघाच. तिथे सोलवटल्यासारखे लाल चट्टे, योनिद्वाराशी पांढऱ्या जाळीच्या कडेचे व्रण दिसले तर लायकेन प्लॅनस, म्हणजे त्वचेचा आणि आतल्या अस्तराचा दाहक आजार. मग बायॉप्सी, व्रणाच्या मधून नव्हे, कडेवरून.

दुपारची_ओपीडी
हिरड्या बघितल्याच नव्हत्या. सोमवारी बोलावलंय, नॅट आणि स्लाइड दोन्ही करतो.