मदत हवी आहे: औषध न घालताच सोन्याचे नॅनोकण निळे पडतात

रंगछटा:
गोल्ड नॅनोपार्टिकल्सवर औषध ओळखायची कलर टेस्ट बसवतोय. रंग बदलतो, पण ब्लँकमध्येही (औषध न घातलेल्या नमुन्यात) बदलतो! लाल द्रावण बघता बघता जांभळं, मग निळसर करडं, सकाळी तळाशी काळा गाळ. परवा गाइडना दाखवायचंय. काय करू?

कणाद:
कुठलं औषध? कॅपिंग (कणांवरचा थर) कसलं? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रंगछटा:
सायट्रेट, नेहमीचंच. औषध टोब्रामायसिन, अँटिबायोटिक. प्रकाशशोषणाचं पीक ५२० नॅनोमीटरला व्यवस्थित आहे, त्यामुळे कण चांगलेच आहेत.

प्रयोगवेडी:
सोनं सोडा, चांदी घ्या. रंग कितीतरी गडद येतो. मी कायम चांदीच वापरते.

कणाद:
चांदी क्लोराइडला आणखी लवकर बिघडते. आणि प्रश्न ब्लँकचा आहे, धातूचा नाही.

प्रयोगवेडी:
अंधारात नीट ठेवली तर काही होत नाही हो.

मीरा_के:
ब्लँकमध्ये नक्की काय घातलंत?

रंगछटा:
पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचं खारट बफर. औषधही त्यातच विरघळवलंय.

मीरा_के:
मग गोम तिथेच आहे. पीबीएसमध्ये १३७ मिलिमोलर मीठ असतं. सायट्रेटच्या ऋणभारामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात. मीठ तो भार झाकतं, की कण चिकटून निळे पडलेच. औषध शुद्ध पाण्यात विरघळवा. ब्लँकही पाण्याचाच. मग थोडं थोडं मीठ वाढवत लाल कुठवर टिकतो ते बघा आणि त्याच्या अलीकडे थांबा. टोब्रामायसिनवर पाच अमिनो गट आहेत, धनभारामुळे ते स्वतःच कणांना एकत्र आणतं. डोळ्यांवर विसंबू नका, ६२० आणि ५२० च्या शोषणाचं गुणोत्तर काढा.

निनाद७:
टोब्रामायसिनचे डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यावर किती दिवस चालतात?

कणाद:
निनाद, ते फार्मासिस्टना विचारा. रंगछटा, अ‍ॅप्टामर (ठरावीक रेणूलाच धरणारा डीएनए किंवा आरएनएचा तुकडा) लावा, नाहीतर कुठलंही अमाइन (अमिनो गट असलेलं संयुग) निळा रंग देईल.

मीरा_के:
अ‍ॅप्टामर लावूनही फसगत होते. औषधच सोन्यावर चिकटलं तर अ‍ॅप्टामरनं ओळखलं की नाही ते रंगावरून कळत नाही. आधी टोब्रामायसिनच्याच कुळातलं कानामायसिन घालून बघा. तेही निळं करत असेल तर टेस्ट फक्त टोब्रामायसिनची आहे असं म्हणता येणार नाही.

रंगछटा:
पाण्यात लालच राहिलं! कानामायसिन लॅबमध्ये नाही, जेंटामायसिन चालेल?

मीरा_के:
चालेल, तेही त्याच कुळातलं, अमिनोग्लायकोसाइडच. सांद्रता मात्र दोन्हींची सारखी ठेवा.