एनजिनएक्सवर एचटीटीपीएस: ब्राउझर चालतो, अँड्रॉइड अ‍ॅप मात्र जोडणी नाकारते

प्रश्न
वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी उबुंटूवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र सर्टबॉट या साधनाच्या वेबरूट पद्धतीने (पडताळणीची फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये ठेवून) घेतले आहे आणि प्रमाणपत्र व खाजगी किल्ली यांच्या फाइलींचे मार्ग कॉन्फिगमध्ये हाताने लिहिले आहेत. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये संकेतस्थळ विनातक्रार उघडते. मात्र त्याच सर्व्हरकडून पुस्तकांची यादी घेणारे अँड्रॉइड अ‍ॅप प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही आणि कर्ल हे आज्ञा लिहून वापरायचे साधनही जोडणी नाकारते. मुदत शिल्लक आहे, डोमेनचे नावही जुळते. अ‍ॅपमधील प्रमाणपत्राची तपासणीच बंद करावी, असे एकाने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
तपासणी मुळीच बंद करू नये. ती बंद केली की मजकूर कूटबद्ध राहतो खरा, पण पलीकडे आपलाच सर्व्हर आहे की मध्ये बसलेला कोणी तिसराच, हे अ‍ॅपला कळण्याचा मार्ग उरत नाही.

लक्षणांवरून सर्व्हर मधले प्रमाणपत्र पाठवत नसावा. मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये आधीपासून असते, पण तुमच्या प्रमाणपत्रावर त्याची थेट सही नसते. सही मधल्या प्रमाणपत्राची असते आणि ते पुरवणे हे सर्व्हरचे काम आहे. क्रोम ते प्रमाणपत्रातच नोंदवलेल्या पत्त्यावरून स्वतः आणतो आणि फायरफॉक्स अशी प्रमाणपत्रे आधीच जवळ ठेवतो, म्हणून तिथे उणीव झाकली जाते. अँड्रॉइड अ‍ॅप आणि कर्ल असे औदार्य दाखवत नाहीत.

‘एसएसएल सर्टिफिकेट’ या ओळीत ‘सर्ट’ नावाची फाइल असेल, तर तिच्या जागी त्याच फोल्डरमधील ‘फुलचेन’ (तुमचे आणि मधले अशी दोन्ही प्रमाणपत्रे असलेली फाइल) लिहा, कॉन्फिग तपासा आणि एनजिनएक्स रीलोड करा. नंतर ओपनएसएसएल या साधनाच्या ‘एस-क्लायंट’ आज्ञेने ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर पडताळणी करा, त्यात सर्व्हरचे नाव अवश्य द्या, अन्यथा एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असल्यास भलतेच प्रमाणपत्र समोर येते. शेवटी पडताळणीचा कोड २१ दिसला तर तुमच्या प्रमाणपत्रापासून मूळ प्रमाणपत्रापर्यंतची साखळी अपुरी आहे, ० दिसला तर ठीक.

प्रश्नकर्ता
‘सर्ट’चीच फाइल होती. बदलानंतर २१ च्या जागी ० आला आणि अ‍ॅपही चालू झाले. आता आणखी काही पाहावे का?

प्रतिसाद २
नूतनीकरण पाहा. हे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि वेबरूट पद्धतीत सर्टबॉट नवी फाइल आणून ठेवतो, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनेच प्रमाणपत्र देत राहतो. त्यामुळे रीलोडची आज्ञा सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत, घालावी. एचटीटीपीएसमागील कूटबद्धतेच्या टीएलएस या नियमावलीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या असल्याने १.२ व १.३ एवढ्याच चालू ठेवाव्यात. एचएसटीएस (ठरावीक मुदतीपर्यंत फक्त एचटीटीपीएसच वापरा, अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लावायचे असल्यास आरंभी मुदत काही मिनिटांचीच द्यावी, कारण ती मुदत संपेपर्यंत ब्राउझर प्रमाणपत्रातील दोषाकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची मुभा वाचकाला देत नाही.